अबाझा म्हणजे नक्की कोण?

इजिप्तच्या जुन्या सिनेमांचा देखणा नायक रुश्दी अबाझा. ऑटोमन सुलतान दुसरा उस्मान १६२२ मध्ये मारला गेल्यावर पूर्व तुर्कस्तानातल्या एर्झुरूमहून बंड पुकारणारा अबाझा मेहमेद पाशा. आणि रशियातल्या कराचाय-चेर्केसिया या कॉकेशस पर्वताजवळच्या प्रजासत्ताकात राहणारे अबाझा लोक. नाव एकच, पण तुर्की माणूस ‘अबाझा’ म्हणतो तेव्हा त्यात शेजारचे अबखाझही आले. त्यामुळे जुन्या कागदांतला अबाझा नेमका कुठला, हे बऱ्याचदा सांगता येत नाही.

मुळात हे अबाझा लोक अबखाझांचे भाऊबंद, काळ्या समुद्राकाठचे. साधारण १४व्या ते १७व्या शतकांत ते टप्प्याटप्प्याने कॉकेशसच्या खिंडी ओलांडून उत्तरेला, कुबान आणि झेलेनचुक नद्यांच्या खोऱ्यांत उतरले. आधी आले ते तपांता, मागून आले ते अश्खारुआ. बोलीही त्याच दोन. पुढे बहुतेक सगळे सुन्नी मुसलमान झाले.

मग रशियाचं कॉकेशस युद्ध. ते १८६४ मध्ये संपलं आणि चेर्केस, उबिख या शेजारच्या लोकांसोबत बहुसंख्य अबाझाही ऑटोमन मुलखात लोटले गेले. त्यांचे वंशज आज प्रामुख्याने तुर्कस्तानात आहेत. २१ मे हा त्या युद्धाच्या अखेरचा दिवस कॉकेशसमधून परागंदा झालेले अजून शोकदिन म्हणून पाळतात. मायदेशी उरले थोडे: २०१०च्या जनगणनेत रशियात सुमारे ४३ हजार.

भाषा मात्र भल्याभल्यांना घाम फोडणारी. स्वर मूळ दोनच, व्यंजनं साठच्या आसपास. आपण ‘चार’ आणि ‘चोर’ यांतले दोन वेगळे च एकाच अक्षरावर भागवतो. अबाझात असे भेद रांगेने आहेत, वर ओठ गोल करून आणि घसा आवळून काढायचे उच्चार वेगळेच. क्रियापद तर एकटंच वाक्य पेलतं: कोणी, कोणाला, कुठे, सगळं त्यालाच चिकटतं.

ही भाषा लिहायला १९३०च्या दशकात आधी लॅटिन लिपी घेतली, १९३८ मध्ये ती काढून सिरिलिक आणली. घशातले उच्चार दाखवायला तिथे एक उभी काठी आली, तिचं नावच ‘पालोच्का’, म्हणजे रशियनमध्ये काडी. रशियन कीबोर्डवर ती नसते, म्हणून लोक सर्रास 1 हा इंग्रजी आकडा टाकतात. शब्दाच्या मधोमध एक आकडा, आणि वाचणाऱ्याला त्याचं काहीच वाटत नाही.

कराचाय-चेर्केसियाच्या पाच राज्यभाषांत अबाझा आहे. अबाझांचा स्वतंत्र जिल्हा मात्र व्हायला २००६ उजाडलं.