लाकडी साइडिंग : उन्हापासून संरक्षण

घराच्या बाहेरच्या भिंतीवर एकीची कड दुसरीवर चढवून किंवा नर-मादी जोडाने (एकीच्या कडेची जीभ दुसरीच्या खाचेत घालून) बसवलेल्या लाकडी फळ्यांना साइडिंग म्हणतात. उन्हाळ्यात या फळ्या फिकट पडतात, वाकतात, तडकतात, रंगाचे पोपडे निघतात. हे सारे टाळण्याच्या उपायांचा विचार या नोंदीत केला आहे.

या नुकसानीत उष्णतेचा थेट वाटा वाटतो त्याहून कमी असतो. लाकूड तापून फारसे प्रसरण पावत नाही, ते आकसते ते सुकल्यामुळे. पृष्ठभाग खराब करतात ते मुख्यतः अतिनील किरण. लाकडात साधारण २० ते ३० टक्के लिग्निन असते. तंतूंना बांधून ठेवणारा हा पदार्थ अतिनील किरण शोषतो आणि विघटित होतो. पुढचा पाऊस तो धुऊन नेतो, मागे सुटे पांढुरके तंतू उरतात आणि त्यांवर बुरशी धरली की फळी राखाडी दिसू लागते. हे किरण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकेही आत जात नाहीत. उघड्यावरच्या सूचिपर्णी लाकडाची झीज शंभर वर्षांत जेमतेम ६ मिमी. होते. त्यामुळे नुसत्या राखाडी रंगाने घाबरण्याचे कारण नाही.

भेगांचे मात्र तसे नाही. भर दुपारी फळीची दर्शनी बाजू झपाट्याने सुकते, मागची बाजू ओलसरच राहते. फळी वाटीसारखी वाकते, खिळे वर येतात, टोके फाटतात आणि फटीतून पाणी भिंतीत शिरते. वार्षिक वलयांच्या दिशेने होणारे आकुंचन त्यांना आडव्या दिशेच्या सुमारे दुप्पट असते. म्हणून दर्शनी बाजूवर सरळ, उभ्या रेषा दिसतील अशा चिरकामाची फळी कमी वाकते आणि रंगही जास्त काळ धरते.

उत्तर गोलार्धात दक्षिण आणि पश्चिम भिंती आधी खराब होतात, दक्षिण गोलार्धात उत्तर आणि पश्चिम. चारही बाजूंना एकाच वेळी रंग देण्याचा हट्ट खर्चिक आहे. उन्हाच्या भिंतींचे वेळापत्रक वेगळे ठेवावे. त्या भिंतींवर थोडे पाणी शिंपडून पाहावे. थेंब मोत्यासारखे थांबले तर लेप शाबूत आहे. मिनिटा-दोन मिनिटांत पाणी जिरून डाग गडद झाला, तर लेप संपला आहे.

लेप निवडताना चकाकीपेक्षा रंगद्रव्य पाहावे, कारण किरण अडवते ते रंगद्रव्य. पारदर्शक वार्निश ही नेहमीची चूक आहे. किरण त्यातून आरपार जाऊन खालचे लिग्निन मोडतात आणि सुटा झालेला पापुद्रा वर्षा-दोन वर्षांत सोलून निघतो. लोह ऑक्साइडयुक्त अर्धपारदर्शक तैलस्टेन (तेलात रंगद्रव्य मिसळलेला पातळ रंग) लाकडात मुरतो, त्याचे पोपडे निघत नाहीत. गुळगुळीत फळीवर तो दोन-तीन वर्षे टिकतो, खडबडीत करवतकामाच्या फळीवर त्याहून बराच अधिक, कारण तिथे स्टेन जास्त बसतो. प्रायमर (रंगाखालचा पहिला लेप) आणि वर अॅक्रिलिक रंगाचे दोन हात हे सर्वांत टिकाऊ. काम नीट झाले तर सात ते दहा वर्षे. गडद रंग भिंत जास्त तापवतो, त्यामुळे गाठींतील राळ पातळ होऊन बाहेर येते. राळेच्या लाकडावर फिकटच रंग द्यावा.

नवी फळी रंगाविना उन्हात ठेवू नये. दोन-तीन आठवडे ऊन खाल्लेल्या लाकडावर रंग घट्ट धरत नाही. अशी फळी ६० ते ८० क्रमांकाच्या घासकागदाने ताजी करून घ्यावी लागते. बसवण्यापूर्वी मागच्या बाजूलाही प्रायमर लावावा. कापलेल्या टोकांना तो भरपूर पाजावा. पाणी सर्वांत जास्त तिथूनच शिरते. लाकडातील ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास असावा, २० च्या वर रंगाला हात घालू नये. खिळा गरम जस्तलेपाचा (वितळलेल्या जस्तात बुडवलेला) किंवा स्टेनलेस पोलादाचा घ्यावा आणि तो खालच्या फळीच्या वरच्या कडेपासून साधारण ३ मिमी. वर ठोकावा. दोन्ही फळ्यांतून एकच खिळा गेला तर फळीला आकसायला वाव राहत नाही आणि ती मधोमध फाटते.

रंग सावलीच्या मागोमाग लावावा, म्हणजे ऊन सरकून गेलेली भिंत घ्यावी. तापलेल्या फळीवर वरची साय लगेच धरते आणि आत अडकलेल्या वाफेचे फोड उठतात. फोड चाकूने कापून पाहिला की कारण कळते. तळाशी जुना रंग किंवा प्रायमर दिसला तर फोड उन्हाचा. कोरे लाकूड दिसले तर मागून ओल येते आहे आणि नुसता रंग देऊन ती थांबणार नाही. सूर्यास्ताच्या दोन तास आधी काम थांबवावे, नाहीतर दव ओल्या रंगावर बसते. स्टेन लावताना तीन-चार फळ्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एका दमात पूर्ण कराव्यात. मध्येच थांबल्यास सांध्याचे गडद पट्टे कायमचे राहतात. न मुरलेले तेल पुसून घ्यावे.

राखाडी पडलेली भिंत ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाने उजळते, पण हातमोजे आणि चष्मा हवाच, नंतर भरपूर पाण्याने धुणेही. जोरदार फवाऱ्याचे यंत्र वापरू नये; ते मऊ तंतू उचकटते आणि पाणी फळ्यांच्या मागे ढकलते. खूप जुन्या रंगात शिसे असू शकते, तो कोरडा घासू नये.

स्वीडनमधील फालूनच्या तांब्याच्या खाणीतील लोहयुक्त मातीचा लाल रंग हे रंगद्रव्याच्या उपयोगाचे जुने उदाहरण. पाणी, राय (rye) या धान्याचे पीठ आणि जवसाचे तेल यांत शिजवलेला हा रंग खडबडीत फळ्यांवर देतात. तो सोलून निघत नाही, हळूहळू भुकटी होऊन झडतो, म्हणून पुढच्या वेळी खरवडावे लागत नाही. ब्रशने झाडून थेट नवा हात देता येतो.

जवस तेलाचा स्टेन पुसलेली फडकी चुरगळून ढिगात टाकली, तर तेल सुकताना उष्णता साठून ती आपोआप पेट घेतात. ती पाण्यात बुडवावीत किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत.