तुर्की लोकनृत्ये व त्यांची वाद्यसाथ

तुर्कस्तानात लोकनृत्ये प्रदेशागणिक बदलतात आणि साथीचे वाद्य ऐकूनही मुलूख बहुधा ओळखता येतो. आनातोलियाच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागाच्या, मध्य, पूर्व व आग्नेय पट्ट्यात हलाय, काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर होरोन, एजियन भागात झेबेक, एर्झुरूमकडे बार आणि युरोपकडच्या थ्रेसमध्ये कार्शलामा. कोन्या व सिलिफ्के भागांत नर्तक लाकडी चमचे वाजवत स्वतःच ताल धरतात.

हलायच्या मुलखात या नाचाशिवाय लग्न पार पडत नाही. करंगळ्या गुंतवून रांग धरली जाते, म्होरक्या रुमाल फिरवतो, संथ लय चढत जाते. साथीला दावुल हा मोठा ढोल आणि झुर्ना. दावुलच्या एका तोंडावर जाड दांडका, दुसऱ्यावर बारीक छडी. झुर्ना सनईच्या कुळातली, पण आवाज खडा, उघड्या मैदानातच शोभणारा. वादक गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही.

होरोनला केमेंचे हे गजाने वाजवायचे तीन तारांचे वाद्य लागते. गज दोन तारांवर एकदम फिरतो आणि मूळ सुराबरोबर त्याच्या मध्यमाचा सूरही चालत राहतो. ठेका बहुधा 7 मात्रांचा. आपल्याकडचा रूपक तालही 7 मात्रांचाच, पण इथली गती मात्रा मोजायला सवड देत नाही. रिझे व आर्तविनकडे तुलुम हा कातडी पिशवीत हवा भरून वाजवायचा बॅगपाइप वाजतो.

झेबेकचा बाज अगदी निराळा. झेबेक म्हणजे मुळात उस्मानी (ऑटोमन) काळातले एजियन डोंगरांतले सशस्त्र पुंड. त्यांचा नायक तो एफे. नर्तक हात पसरून जड पावले टाकतो, थबकतो, गुडघा जमिनीला टेकवून उठतो. 9 मात्रांची ही चाल संथ असल्याने तोल सांभाळणेच कठीण. दोन झुर्न्यांपैकी एक धून वाजवते, दुसरी सूर धरते. कार्शलामाच्याही 9 मात्रा, पण 2+2+2+3 अशा झटपट. व्यायामशिक्षक सेलिम सिर्री तारजान यांनी झेबेकला बैठकीत शोभेल असे रूप दिले व 1925 मध्ये इझमिरला ते तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक मुस्तफा केमाल (अतातुर्क) यांच्यापुढे सादर केले. या सफाईत मूळचा रांगडेपणा बराच हरवला.

बुर्साच्या ‘कलच-कालकान’ या ढाल-तलवारीच्या नृत्यात वाद्यच नसते. शस्त्रांचा खणखणाटच ताल देतो. अलेवी-बेक्ताशी या मुस्लिम पंथीयांचा सेमाह बालामा या तंतुवाद्यावर होतो, स्त्री-पुरुष एकत्र फिरतात. 2010 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलेला हा विधी त्यांच्या लेखी उपासना आहे, नाच नव्हे.