भिरंडे, फणस आणि 35 टक्के अनुदान: गोव्यातून ‘पीएमएफएमई’चा अर्ज करताना

बचत गटाच्या बैठकीत सगळ्यात जास्त गैरसमज ज्या गोष्टीचा होतो, ती आधी सांगते. या योजनेत कुणी हातावर रोख पैसे ठेवत नाही. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना, म्हणजे आपण जिला ‘पीएमएफएमई’ म्हणतो ती, बँकेच्या कर्जाला जोडलेली आहे. कर्ज मंजूर झाले तरच अनुदान. केंद्राने जून 2020 मध्ये 10,000 कोटींची तरतूद करून ती सुरू केली. मुदत आधी 2024-25 पर्यंत होती, मग 2025-26 पर्यंत वाढवली. म्हणून कागद जमवायला लागण्याआधी पोर्टलवर नवे अर्ज घेताहेत ना, एवढे बघून घ्या.

आता पैशांचे गणित. समजा सोले (कोकमाच्या वाळवलेल्या साली) आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) करायचे छोटे युनिट टाकायचे आहे. ड्रायर, रस काढायचे यंत्र, पॅकिंग मशीन, थोडे बांधकाम असा 8 लाखांचा खर्च धरू. त्यातले किमान 10 टक्के, म्हणजे 80,000 रुपये, तुमचे स्वतःचे. उरलेले 7,20,000 बँकेचे कर्ज. पात्र खर्चाच्या 35 टक्के, म्हणजे इथे 2,80,000, हे अनुदान. ते तुमच्या खिशात येत नाही, बँकेत वेगळ्या खात्यात पडून राहते. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही. कर्जाचा शेवटचा हप्ता हाती आल्यापासून तीन वर्षे झाली, खाते थकलेले नसले आणि युनिट चालू असले की ती रक्कम कर्जात वळती होते. म्हणजे व्याज भरायचे ते 4,40,000 वर. अनुदानाची कमाल मर्यादा 10 लाख.

‘पात्र खर्च’ हा शब्द नीट वाचा. त्यात यंत्रे येतात, आणि उत्पादनासाठी लागणारे बांधकाम येते, तेही पात्र खर्चाच्या 30 टक्क्यांच्या आत. जमिनीची किंमत धरत नाहीत. मे महिन्यात गावातून भिरंडे, म्हणजे कोकमाची फळे, किंवा काजूबिया विकत घ्यायला जे पैसे लागतात, त्यावरही अनुदान नाही. आपल्याकडे खरी ओढाताण नेमकी तिथेच होते, कारण हंगाम दोन महिन्यांचा आणि माल रोखीने उचलावा लागतो. हे खेळते भांडवल बँकेकडे वेगळे मागा, आणि मागायला संकोच करू नका.

अर्जदार 18 वर्षांच्या वर हवा. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, आणि इथे कुटुंब म्हणजे स्वतः, नवरा किंवा बायको, आणि मुले. चालू धंदा वाढवायचा असला तरी अर्ज करता येतो. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ या यादीतल्या मालाला पसंती असते. फेणीवाल्यांनी मात्र आधी अबकारी खात्याची पायरी चढावी, तो परवाना वेगळा.

कागदपत्रांत आधार, पॅन, फोटो, बँकेचा सहा महिन्यांचा उतारा, वीजबिल, यंत्रांची कोटेशने आणि जागेचा पुरावा लागतो. ही यादी साधी दिसते. फाईल अडते ती शेवटच्या कागदावर. गोव्यात घर आजोबांच्या नावावर, एक-चौदाच्या (जमिनीच्या हक्कनोंदीच्या) उताऱ्यावर आजोबा आणि त्यांचे तीन भाऊ, आणि वाटणी कधी झालेलीच नाही, हे घरोघरी आहे. वाटणीचा दावा निकालात निघेपर्यंत थांबलात तर म्हातारपण येईल. मालक म्हणून ज्यांची नावे आहेत, त्यांच्याकडून भाडेकरार किंवा ना हरकत पत्र घ्या आणि सोबत पंचायतीची घरपट्टीची पावती जोडा. आपल्या नागरी कायद्यामुळे नवरा-बायकोची मालमत्ता बहुधा सामाईक असते, म्हणून मालकाबरोबर त्याच्या बायकोची सहीही त्याच वेळी घेऊन ठेवा. मागाहून सही मागायला गेले की जुनी भांडणे वर येतात. घर गहाण टाकायची भीती मात्र नको. सूक्ष्म व लघुउद्योगांच्या निदान 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकांनी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शाखेत कुणी मागितलेच तर हे शांतपणे सांगा.

दुसरी अडचण नावाची. आधारावर सासरचे नाव, पॅनवर माहेरचे, पासबुकावर ‘नाईक’चे स्पेलिंग तिसरेच. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. आमच्या गटातल्या एका काकींची फाईल एका बँकेत दोन महिने पडून होती. कारण एवढेच की कोटेशनवर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक नव्हता, आणि ते सांगायला कुणी फोनही केला नाही. तेव्हापासून मी दर पंधरा दिवसांनी शाखेत जाऊन समोर बसते.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आधार-पॅनवर ऑनलाईन होते आणि ती फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून जपा. अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवानाही लागेल. त्याचे गोव्यातले खाते म्हणजे बांबोळीचे अन्न व औषध प्रशासन.

अर्ज पीएमएफएमईच्या पोर्टलवर भरायचा. जिल्हा संसाधन व्यक्ती, म्हणजे डीआरपी, अर्ज आणि प्रकल्प अहवाल तयार करायला मदत करतात. त्यांचे मानधन सरकार देते, दर मंजूर प्रकरणामागे 20,000 रुपये: निम्मे कर्ज मंजूर झाल्यावर, निम्मे तुमच्या नोंदण्या वगैरे पुऱ्या झाल्यावर. तुम्ही एक पैसाही द्यायचा नाही. नंतर जिल्हा समितीची शिफारस, मग बँक.

प्रकल्प अहवालाचे नमुने पोर्टलवर आहेत, पण ते आहेत तसे उचलू नका. वर्षाला 300 दिवस भिरंडे फोडणार असे लिहिलेत तर अधिकारी हसेल, आणि त्याचे बरोबर असेल. एप्रिल-मेमध्ये सोले, आगळ आणि फणसाचे चिप्स, पावसात लोणची-पापडांचे पॅकिंग, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी खाजें आणि लाडू, त्यानंतर मसाले, असा महिन्यांचा हिशेब मांडा. पावसाळ्यात ड्रायर चालवायला वीज किती लागेल, तेही लिहा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातले दुकान असो की ठरलेले हॉटेल, माल कुठे जाणार हे नावानिशी सांगा. ‘बाजारात मागणी आहे’ या वाक्याला बँकेत काही किंमत नाही.

बचत गटांसाठी आणखी एक सोय आहे: दर सदस्यामागे 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवल, एका गटाला जास्तीत जास्त 4 लाख. लहान अवजारे आणि खेळते भांडवल यांसाठी ते वापरता येते, आणि वर म्हटलेली भिरंडे उचलायची अडचण त्यातून बरीच सुटते. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्थेला सामायिक शीतगृह, वर्गवारी किंवा प्रक्रिया केंद्र उभारायचे असेल तर तिथेही 35 टक्के, पण मर्यादा 3 कोटींची. ब्रँडिंग आणि विक्रीसाठी एकत्र आलेल्या गटांना 50 टक्क्यांपर्यंत मदत आहे.

कर्ज मंजूर होण्याआधी यंत्राची ऑर्डर देऊ नका, दुकानदार कितीही घाई करो. आणि अर्ज चवथ झाल्याझाल्या टाका. मार्चमध्ये टाकलात तर ड्रायर पावसाबरोबर दारात येईल, आणि तोवर भिरंडे झाडाखाली सडून गेलेली असतील.