आद्य विश्वातील एन्ट्रॉपी आणि सुव्यवस्था

महास्फोटानंतरचे विश्व अतितप्त आणि जवळजवळ एकसारखे पसरलेले होते, तरीही त्याची एन्ट्रॉपी, म्हणजे ऊर्जेच्या विखुरलेपणाचे माप, कमालीची कमी होती. विश्वस्थितिशास्त्रातील हे एक मोठे कोडे आहे. काळ एकाच दिशेने जाताना का दिसतो, या प्रश्नाची मुळेही त्यातच आहेत.

एन्ट्रॉपीची संकल्पना वाफेच्या इंजिनाच्या अभ्यासातून आली. सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये त्या अभ्यासाचा पाया घातला आणि १८६५ मध्ये रुडॉल्फ क्लॉसियस यांनी ‘एन्ट्रॉपी’ हे नाव रूढ केले. या दोन सालांच्या दरम्यान, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून सुटलेली रेल्वे ठाण्याला पोचली. ती ओढणाऱ्या ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ या इंजिनांचे उदाहरण येथे फार उपयोगी पडते. त्या काळच्या इंजिनांत जळणाच्या उष्णतेचा दहावा हिस्साही चाकांपर्यंत पोचत नसे; बाकीची धुरांड्यातून आणि तापलेल्या लोखंडातून ठाण्याच्या हवेत मिसळून जाई. ऊर्जा नष्ट होत नाही, पण अशी विखुरलेली उष्णता गोळा करून तिच्यावर पुन्हा गाडी चालवता येत नाही. या विखुरण्याचे माप म्हणजे एन्ट्रॉपी. लुडविग बोल्ट्झमन यांनी तिला अणुरेणूंच्या पातळीवर अर्थ दिला: एखादी स्थिती कणांच्या जितक्या जास्त मांडण्यांनी साधते, तितकी तिची एन्ट्रॉपी जास्त. बंदिस्त प्रणालीत ती एकंदरीत घटत नाही.

म्हणजे काल ती आजच्यापेक्षा कमी होती, परवा त्याहूनही कमी. असे मागे जात राहिले, तर विश्वाच्या आरंभी ती सर्वांत कमी असायला हवी. पुरावा मात्र वरवर पाहता उलटे सांगतो. महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश, म्हणजेच वैश्विक सूक्ष्मतरंग प्रारण, पेंझियस आणि विल्सन यांना सापडल्याचे १९६५ मध्ये जाहीर झाले. त्याचे आजचे तापमान २.७२५ केल्व्हिन आहे आणि दिशेगणिक त्यात पडणारा फरक जेमतेम लाखात एक भाग. कोबे उपग्रहाच्या निरीक्षणांतून हा फरक १९९२ मध्ये उघड झाला. सगळीकडे सारखे तापमान, सारखी घनता: डब्यातल्या वायूसाठी हीच कमाल एन्ट्रॉपीची अवस्था!

उलगडा गुरुत्वाकर्षणात आहे. डब्यातल्या रेणूंमध्ये ते नगण्य असते, विश्वाच्या पसाऱ्यात मात्र त्याचेच राज्य चालते. सारखे पसरलेले द्रव्य तसेच टिकत नाही. ते आकसते, तापते, उष्णता बाहेर टाकते आणि एकूण एन्ट्रॉपी वाढते. या वाटचालीचे टोक म्हणजे कृष्णविवर. बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांनी दाखवले की, कृष्णविवराची एन्ट्रॉपी त्याच्या क्षितिजाच्या, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही सुटत नाही त्या सीमेच्या, क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. बोल्ट्झमन स्थिरांकाच्या एककात सूर्याची एन्ट्रॉपी साधारण दहाचा ५८ वा घात इतकी भरते, तर सूर्याएवढ्याच वस्तुमानाच्या कृष्णविवराची दहाचा ७७ वा घात. आद्य विश्वातले द्रव्य कृष्णविवरांत कोंबलेले असू शकले असते आणि तशा मांडण्या प्रचंड बहुसंख्य आहेत. ते गुळगुळीत पसरलेले होते, हीच असाधारण सुव्यवस्था. रॉजर पेनरोझ यांच्या हिशेबाने तिची निव्वळ योगायोगाने असण्याची शक्यता एवढी कमी आहे, की ती लिहायला एकावर दहाच्या १२३ व्या घाताइतकी शून्ये छेदात द्यावी लागतील.

या सुव्यवस्थेवरच आपले सगळे चालते. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या पानावर दृश्य प्रकाशाचा एक फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, पडतो, तेव्हा तेवढीच ऊर्जा पृथ्वी सुमारे वीस अवरक्त फोटॉनांच्या रूपाने अवकाशात परत पाठवते. कण वाढले, एन्ट्रॉपी वाढली आणि त्या मोबदल्यात पानात साखर बांधली गेली. ठाण्याला आलेल्या त्या इंजिनांचे जळण, कोळसा असो वा लाकूड, असेच कधीकाळी साठलेले ऊन होते. सूर्य पेटला तो विरळ हायड्रोजन गुरुत्वाकर्षणाने गोळा झाल्यामुळे. आणि हायड्रोजन शिल्लक राहिला तो पहिल्या काही मिनिटांतच विश्व झपाट्याने थंडावल्यामुळे. तेवढ्या वेळात वस्तुमानाचा सुमारे चौथा हिस्सा हेलियम झाला, बाकी बहुतेक सगळे इंधन तसेच उरले.

आरंभच इतका गुळगुळीत का? ॲलन गुथ यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या महाप्रसरणाच्या कल्पनेनुसार क्षणार्धातील प्रचंड फुगण्याने सगळ्या सुरकुत्या ताणल्या गेल्या. पेनरोझ यांना हे पटत नाही. फुगणे सुरू व्हायलाच आधी अतिशय कमी एन्ट्रॉपी लागते, हा त्यांचा आक्षेप आणि तो वजनदार आहे. आरंभी अवकाशाची एक विशिष्ट वक्रता, द्रव्य गोळा होत जाते तशी वाढणारी वाइल वक्रता, शून्यवत् असावी असा स्वतंत्र नियमच त्यांनी १९७९ मध्ये सुचवला होता. तसा नियम निसर्गात का असावा, याचे सर्वमान्य उत्तर अजून मिळालेले नाही.