बोर्डिंग ते क्रेडिट बँक : कोल्हापूरच्या उच्च शिक्षणाची पार्श्वभूमी

राजाराम कॉलेज 1880 साली सुरू झाले. पण कॉलेज गावात आले म्हणून खेड्यातले पोर लगेच त्यात शिरले नाही. फीपेक्षा मोठा प्रश्न होता तो रात्री झोपायचे कुठे आणि जेवायचे कुणाकडे, हा. शाहू महाराजांनी नेमके तेच हेरले. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पुढच्या काळात जैन, लिंगायत, मुस्लिम आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठीचे मिस क्लार्क अशी वसतिगृहे उभी राहिली. जातवार बोर्डिंगे काढली म्हणून आजही नाके मुरडली जातात. पण सर्वांसाठी काढलेल्या वसतिगृहात एकाच जातीची मुले टिकली, हा अनुभव आधीच गाठीशी होता. दसरा चौकात यातल्या काही इमारती आजही दिसतात. 1902 मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना 50 टक्के जागा राखल्या गेल्या आणि शिकून करायचे काय, या प्रश्नालाही उत्तर मिळाले.

18 नोव्हेंबर 1962 रोजी शिवाजी विद्यापीठ सुरू झाले. तोवर इथल्या पदव्या आधी मुंबईच्या, मग पुण्याच्या विद्यापीठाच्या असत. आता तालुक्याच्या गावी कॉलेज निघाले, एसटीच्या पासावर पदवी होऊ लागली.

1983 मध्ये राज्याने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली. त्याच वर्षी कोल्हापुरात केआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झाले. जागा वाढल्या, पण खर्च पालकाच्या अंगावर आला. उसाच्या बिलाची तारीख आणि फीची तारीख यांचा मेळ बसवणे हे तेव्हापासूनचे घरोघरचे गणित.

त्यावरचा सरकारी उतारा म्हणजे फी-शिष्यवृत्ती. तिच्या एका योजनेला शाहू महाराजांचेच नाव आहे. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत, ठरावीक प्रवर्गांतल्या आणि 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर करायचा आणि तो बहुतेकदा अडतो बँकेपाशी. पासबुकावर आधार ‘लिंक’ असते, पण पैसे जातात ते ‘सीडिंग’ केलेल्या, म्हणजे सरकारी रक्कम घेण्यासाठी आधारशी नोंदवलेल्या खात्यात, आणि असे खाते एका आधारला एकच. नव्या सिमबरोबर कुणी पेमेंट बँकेचे खाते उघडून दिले असेल तर सीडिंग तिकडे सरकते आणि रक्कम विसरलेल्या खात्यात जाऊन पडते. अर्जाआधी आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहावी. चुकीची बँक दिसली तर हव्या त्या शाखेत सीडिंगचा फॉर्म भरून नोंद बदलल्याची खात्री करावी. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो, तोही ऐनवेळी मिळत नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीचे माप बदलले. आता मोजायची ती क्रेडिट्स : थिअरीचे 15 तास किंवा प्रात्यक्षिकाचे 30 तास म्हणजे एक क्रेडिट. पहिल्या वर्षाअखेर किमान 40, तीन वर्षांत किमान 120, चार वर्षांत 160. एका वर्षानंतर थांबणाऱ्याला 4 क्रेडिट्सचा व्यावसायिक कोर्स केल्यावर प्रमाणपत्र मिळते. तीन वर्षांच्या आत परतता येते, एकूण मुदत सात वर्षे. ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावर केलेल्या कोर्सची क्रेडिट्सही धरता येतात, पण कोणता कोर्स कशाच्या बदल्यात चालेल हे कॉलेजला आधी विचारावे. परीक्षा देऊन झाल्यावर विचारणाऱ्याची मेहनत फुकट जाऊ शकते.

ही क्रेडिट्स जमा होतात ती शैक्षणिक क्रेडिट बँकेत (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, एबीसी), विद्यार्थ्याच्या एबीसी आयडीवर. इथली खरी डोकेदुखी नावाची. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. कुठे वडिलांचे नाव पूर्ण, कुठे नुसते आद्याक्षर. नोंदी जुळल्या नाहीत की क्रेडिट्स खात्यात दिसत नाहीत. शिक्षण चालू असताना लग्न होऊन आधारवर नाव बदललेल्या मुलींचे तर हमखास अडते. पदवी हातात येईपर्यंत आधारवरचे नाव बदलू नये. बदललेच असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणीचा दाखला घेऊन परीक्षा फॉर्म भरण्याआधीच कॉलेजच्या ऑफिसात दुरुस्तीचा अर्ज द्यावा.