रूम मोड की भिंतीचे परावर्तन? लहान बेडरूममधल्या बिघडलेल्या बेसची दोन कारणे

लहान बेडरूममध्ये चांगल्यापैकी स्पीकरची जोडी लावली, तरी पहिली तक्रार बहुधा बेसचीच असते. बेस गिटारचे दोन-तीन सूर अंगावर येतात, त्यांच्या शेजारचेच सूर जवळजवळ ऐकू येत नाहीत आणि पुरुषी आवाजातला भरदारपणा कुठेतरी हरवतो. अशा वेळी सरसकट एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे स्पीकर भिंतीपासून लांब घ्या. मात्र या एकाच तक्रारीमागे दोन स्वतंत्र घटना असतात. एक म्हणजे खोलीचा अनुनाद, ज्याला रूम मोड म्हणतात. दुसरी म्हणजे स्पीकरमागच्या भिंतीवरून परतलेल्या आवाजाने मूळ आवाजाची केलेली खोडाखोड, जिचा उल्लेख ध्वनितंत्रज्ञ एसबीआयआर (स्पीकर बाउंडरी इंटरफिअरन्स रिस्पॉन्स) या आद्याक्षरांनी करतात. दोन्हींच्या मुळाशी भिंतच असते आणि दोन्हींमुळे मोजणीच्या आलेखात उंचवटे व खड्डे उमटतात, त्यामुळे त्यांची गल्लत होणे साहजिक आहे. तरीही पहिलीची वारंवारता खोलीची मापे ठरवतात आणि दुसरीची वारंवारता स्पीकर व भिंत यांच्यातले अंतर ठरवते. स्पीकर कुठे ठेवावा, हे त्यामुळे आपली गाठ कोणाशी आहे त्यावर अवलंबून राहते.

आधी मोड पाहू. समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतरात एखाद्या सुराची अर्धी तरंगलांबी नेमकी बसली, की ती लाट दोन्ही भिंतींवरून परतताना स्वतःतच भर घालत राहते. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्के देत राहिल्यावर तो जसा थोड्या जोरातही उंच जातो, तसेच हे आहे. गणित सोपे आहे : ध्वनीचा वेग, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागावे. ३.६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच खोली घेतली, तर लांबीचा पहिला मोड ४८ हर्ट्झच्या आसपास, रुंदीचा ५७ च्या आणि उंचीचा ६४ च्या आसपास येतो. त्यांच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतांवरही मोड असतात. मोठ्या सभागृहात ते इतके दाटीने असतात की कान त्यांना वेगळे काढू शकत नाही. लहान खोलीत मात्र ते विरळ असतात, आणि म्हणूनच एक सूर घुमतो व त्याच्या शेजारचा कोरडा राहतो. मोड कोणत्या वारंवारतेपर्यंत असे विरळ राहतात, ती सीमा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांच्या सूत्राने काढता येते. वरच्या खोलीत आवाज विरायला ०.४ सेकंद लागत असतील, तर सुमारे २३० हर्ट्झच्या खाली मोडांचे राज्य असते.

मोडचे महत्त्वाचे लक्षण असे, की त्याचा नकाशा खोलीत ठरलेला असतो. लांबीच्या पहिल्या मोडचा दाब दोन्ही टोकांच्या भिंतींशी सर्वाधिक आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे ४८ हर्ट्झचा सूर सुरू ठेवून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, तर भिंतीशी दणदणणारा आवाज मध्यावर पार बसतो आणि पुढच्या भिंतीशी पुन्हा उसळतो. हा फरक कोणत्याही उपकरणाशिवाय कळतो. दुसरे लक्षण काळाचे आहे : सूर थांबल्यावरही मोड लगेच थांबत नाही, आणि ड्रमचा ठोका म्हणूनच आखूड न वाटता लांबतो.

आता भिंतीची खोडाखोड. खालच्या सुरांच्या तरंगलांब्या स्पीकरच्या पेटीपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. १०० हर्ट्झची लाट सुमारे ३.४ मीटरची असते. एवढ्या लाटेला लहानशी पेटी अडवू शकत नाही. बेस त्यामुळे फक्त समोर न जाता सगळीकडे पसरतो, स्पीकरमागच्या भिंतीवर आपटतो आणि उशिरा परततो. जाऊन-येऊन झालेला जादा प्रवास अर्ध्या तरंगलांबीएवढा, म्हणजे भिंतीपर्यंतचे अंतर पाव तरंगलांबीएवढे असेल, तर परतलेली लाट मूळ लाटेला उलट कलेत, म्हणजे एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडेल अशी, भेटते आणि दोघी एकमेकींना खोडतात. इथे ३४३ ला अंतराच्या चौपटीने भागायचे. ३० सेंटिमीटरवर खड्डा २८६ हर्ट्झच्या सुमारास पडतो, ६० सेंटिमीटरवर १४३ आणि एक मीटरवर ८६ हर्ट्झच्या सुमारास. श्रोता थोडा तिरकस असल्यामुळे खरा आकडा किंचित वर सरकतो. अमेरिकी स्पीकर-रचनाकार रॉय ॲलिसन यांनी सीमाभिंतींचा स्पीकरच्या उत्सर्जित शक्तीवर होणारा परिणाम १९७४ मध्ये तपशिलाने मांडला होता, त्यामुळे हा विषय अजिबात नवा नाही. अंतर मोजताना एक चूक सर्रास होते. ते पेटीच्या पाठीपासून मोजले जाते, वास्तविक ते वूफरच्या, म्हणजे बेस वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याच्या, दर्शनी बाजूपासून मोजायचे असते. २५ सेंटिमीटर खोल पेटी भिंतीपासून ५ सेंटिमीटरवर ठेवली, तर गणितात येणारे अंतर ३० सेंटिमीटर आहे.

दोन्ही घटना वेगळ्या ओळखण्याची खात्रीची रीत अशी : ऐकण्याच्या जागी मोजणीचा मायक्रोफोन ठेवावा, रूम ईक्यू विझार्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरने एका वेळी एकाच स्पीकरची मोजणी करावी, मग मायक्रोफोनला हात न लावता तो स्पीकर फक्त १५ सेंटिमीटर पुढे घेऊन पुन्हा मोजावे. ३० चे अंतर ४५ झाले, की २८६ हर्ट्झजवळचा खड्डा १९० हर्ट्झकडे सरकतो. खड्डा असा सरकला तर तो भिंतीचा आहे. ४८ हर्ट्झचा उंचवटा मात्र तिथेच राहतो, फार तर थोडा कमी-जास्त होतो, कारण खोलीची लांबी बदललेली नाही.

इथून पुढे मांडणीचे उत्तर जवळजवळ आपोआप निघते, आणि ते रूढ सल्ल्याच्या विरुद्ध जाते. स्पीकर पुढे घेतल्याने भिंतीचा खड्डा नाहीसा होत नाही, फक्त खाली सरकतो. तो ५० हर्ट्झपर्यंत न्यायचा, तर वूफर भिंतीपासून १.७ मीटर दूर हवा, म्हणजे आपल्या खोलीच्या जवळजवळ मध्यावर. त्याआधीच्या ६० सेंटिमीटर किंवा एक मीटर अशा अंतरांवर तो खड्डा नेमका बेस आणि पुरुषी आवाजाच्या मुळावर येतो. लहान बेडरूममध्ये स्पीकर त्यांच्या मागच्या भिंतीच्या शक्य तितके जवळ ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तसे केल्याने खड्डा ३०० हर्ट्झच्या आसपास किंवा वर ढकलला जातो आणि तिथे त्याचा बंदोबस्त करता येतो : स्पीकरच्या मागे १० सेंटिमीटर जाडीचे रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या तंतूंचे) पॅनेल त्या वारंवारतांना बऱ्यापैकी शोषते. तेच पॅनेल ४८ हर्ट्झच्या मोडपुढे निरुपयोगी ठरते, कारण त्या लाटेची पाव लांबीच १.८ मीटर भरते. पातळ फोमची तर तिथे गोष्टच नको. पेटीच्या पाठीला पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याचे छिद्र, असेल, तर निदान त्या पोर्टच्या व्यासाइतकी मोकळी जागा मागे सोडावी.

या निवडीची किंमतही आहे. भिंतीलगत मोडचा दाब सर्वाधिक असल्याने तिथला स्पीकर लांबीचे सगळे मोड जोमाने चेतवतो, शिवाय एका भिंतीच्या सान्निध्याने खालच्या सुरांना सैद्धांतिक ६ डेसिबलपर्यंत भर मिळते. परंतु हा दोष जास्तीचा आहे, उणेपणाचा नाही, आणि जास्तीचे इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक वारंवारता कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, कापता येते. मोडचा उंचवटा त्याच्या नेमक्या वारंवारतेवर उतरवला, की ऐकण्याच्या जागी त्याचे घुमणेही कमी होते. भिंतीचा खड्डा इक्वलायझरने भरू पाहिल्यास मात्र मूळ आवाज जितका वाढतो तितकाच परतणाराही वाढतो, खोडाखोड तशीच चालू राहते आणि १० डेसिबलच्या प्रयत्नापायी ॲम्प्लिफायरला दहापट शक्ती खर्च करावी लागते. कोपरे मात्र टाळावेत, कारण तिथे तिन्ही दिशांचे मोड एकदम चेततात.

रुंदीच्या दिशेने नशीब अधिक अनुकूल आहे. दोन्ही स्पीकर बाजूच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर आणि श्रोता मधल्या रेषेवर असेल, तर दोन्ही स्पीकरमधून सारखा वाजणारा बेस रुंदीच्या ५७ हर्ट्झच्या मोडला दोन विरुद्ध बाजूंनी ढकलतो, आणि तो मोड फारसा चेततच नाही. स्पीकर रुंदीच्या पाव अंतरावर, म्हणजे भिंतींपासून ७५ सेंटिमीटरवर ठेवले, तर ११४ हर्ट्झच्या दुसऱ्या मोडचा शून्य दाब तिथेच पडतो आणि तोही शांत राहतो. एक स्पीकर कपाटाला चिकटलेला आणि दुसरा उघड्या दाराशी, ही बेडरूममधली नेहमीची मांडणी हा फायदा घालवते. जमीन आणि छताबद्दल फारसे काही करता येत नाही. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा लहान पडदा, कानाच्या उंचीवर आणला की पुरे.

उरला श्रोता, आणि मोडच्या बाबतीत स्पीकरपेक्षा त्यालाच हलवणे अधिक परिणामकारक ठरते. लांबीच्या पहिल्या मोडचा शून्य बिंदू ५० टक्क्यांवर आणि दुसऱ्याचे २५ व ७५ टक्क्यांवर असतात. ऐकण्याची जागा लांबीच्या ३८ टक्क्यांवर धरावी हा संकेत त्यांच्या मधली जागा गाठण्यासाठी आहे. आपल्या खोलीत ती एखाद्या टोकापासून सुमारे १.३७ मीटरवर येते. पलंगाचे डोके श्रोत्याच्या मागच्या भिंतीला टेकलेले असेल, तर उशीवर ४८ हर्ट्झ हमखास घुमणार. डोके ४० सेंटिमीटर पुढे आणले, तर ते घुमणे थोडेसेच ओसरते, मात्र आता मागच्या भिंतीचे परावर्तन पाव तरंगलांबीच्याच हिशेबाने २१४ हर्ट्झवर खड्डा पाडते. दोन्ही घटना इथे एकाच उशीवर भेटतात, म्हणून मोजणी पलंगाच्या निदान तीन जागांवरून करून, खड्डे सर्वांत उथळ असतील ती जागा आधी पक्की करावी, आणि उरलेले उंचवटे त्यानंतरच इक्वलायझरने उतरवावेत.