गोड्या पाण्यातली जलसमाधी

नागपूरहून कोणत्याही दिशेला निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. त्यामुळे जहाज, तुफान, जलसमाधी हे सगळं आपल्याकडे पेपरातूनच येतं. तलाव मात्र घरचे. फुटाळ्यावर संध्याकाळी भाजलेलं कणीस खायचं, रामटेकला गेलं की खिंडसीत बोटीत बसायचं. भंडारा-गोंदियाकडचे असाल तर मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि त्यातले ढिवरांचे डोंगे लहानपणापासून पाहिलेले. पलीकडचा काठ दिसतो तो तलाव, अशी आपली साधी समजूत.

या समजुतीला पहिला धक्का क्षेत्रफळ देतं. उत्तर अमेरिकेतलं सुपिरियर सरोवर सुमारे ८२,१०० चौरस किलोमीटरचं आहे. अख्खा विदर्भ ९७,००० च्या आसपास. म्हणजे एक गडचिरोली जिल्हा बाजूला काढला, तर बुलढाण्यापासून गोंदियापर्यंत उरलेला जवळजवळ सगळा विदर्भ या एका सरोवराखाली जाईल. खोली जास्तीत जास्त ४०६ मीटर. आणि ग्रेट लेक्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या पाच सरोवरांपैकी हे फक्त एक. या पाचांच्या तळाशी किती जहाजं आहेत याचे अंदाज वेगवेगळे आहेत. नेहमी दिला जाणारा आकडा ६,००० चा.

सुरुवात १६७९ मध्येच झाली. ला साल या फ्रेंच शोधकाने बांधून घेतलेलं ‘ग्रिफाँ’ हे जहाज जनावरांची कातडी भरून मिशिगन सरोवरातून परतीला निघालं, ते गेलंच. त्याचे अवशेष सापडल्याचे दावे अधूनमधून होतात, सिद्ध एकही झालेला नाही. पुढे लाकूड, गहू, कोळसा आणि लोहखनिज यांची वाहतूक वाढली, तशी बुडणाऱ्यांची यादीही वाढत गेली.

पण सरोवरात एवढं बुडण्यासारखं काय असतं? समुद्राचं खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड, त्यामुळे तेवढाच माल भरलेलं जहाज गोड्या पाण्यात थोडं अधिक खोल बसतं. मोठ्या जहाजांच्या कुशीवर भाररेषा रंगवलेल्या असतात, त्यात गोड्या पाण्याची रेषा वेगळी असते ती याचसाठी. हा फरक बांधणाऱ्यांना माहीत असतो आणि त्यांनी तो हिशेबात धरलेला असतो. खरा त्रास लाटांचा आहे.

महासागरात वारा हजारो किलोमीटर पाण्यावरून वाहतो. तिथल्या मोठ्या लाटा लांब, पसरट असतात. जहाज एका लाटेवर चढतं, उतरतं, सावरतं. सरोवरात वाऱ्याला पळायला जागा कमी. तिथे उठणाऱ्या लाटा आखूड, खड्या चढाच्या आणि एकमेकींना खेटून येणाऱ्या असतात. शिवाय काही तासांतच त्या चढतात. एका लाटेचं पाणी डेकवरून ओसरायच्या आत दुसरी येऊन आदळते. त्यात सरोवरातली मालवाहू जहाजं कालव्यांच्या दारांतून पार व्हावीत म्हणून लांबच लांब आणि अरुंद बांधलेली. पुढचं टोक एका लाटेवर, मागचं दुसऱ्या लाटेवर, आणि हजारो टन माल भरलेला मधला भाग जवळजवळ अधांतरी. मग लाट मध्याखाली येते आणि दोन्ही टोकं लोंबकळतात. पोलाद आधी एका बाजूला वाकतं, मग दुसऱ्या. रात्रभर.

२९ नोव्हेंबर १९६६ ला ह्युरॉन सरोवरात ‘डॅनियल जे. मोरेल’ असंच मोडलं. १९०६ सालचं जहाज. त्या काळातलं पोलाद थंडीत ठिसूळ व्हायचं. मधोमध तडा गेला तेव्हा पुढच्या भागातली माणसं तराफ्यात बसून राहिली, की हा भाग बुडाला की तराफा आपोआप तरंगेल. अंधारात त्यांना दिवे दिसले. एक जहाज आपल्याच रोखाने येतंय, सुटलो, असं वाटलं. ते त्यांच्याच जहाजाचं मागचं अर्ध होतं. इंजिन आणि विजेचं यंत्र त्या भागात असल्यामुळे ते चालूच राहिलं, मोडक्या तोंडाने पाणी कापत त्यांच्या बाजूने निघून गेलं आणि साधारण आठ किलोमीटरवर जाऊन बुडालं. २९ जणांपैकी एकच वाचला. अंगावर कोट, लाइफ जॅकेट आणि चड्डी, एवढ्यावर त्याने त्या तराफ्यात ३८ तास काढले, सोबत तीन मृत सहकारी.

सगळ्यात गाजलेली घटना त्यानंतर नऊ वर्षांची. २२२ मीटर लांबीचं ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ ९ नोव्हेंबर १९७५ ला सुपिरियरच्या पश्चिम टोकाहून निघालं. पोटात सुमारे २६,००० टन टॅकोनाइटच्या गोळ्या, म्हणजे हलक्या प्रतीचं लोहखनिज दळून, वळून, भाजून केलेले पेलेट. (भारतीय खाण ब्यूरो आणि मँगनीज काढणारी मॉइल या दोघांचीही मुख्यालयं असलेल्या नागपुरात पेलेट हा शब्द पुष्कळांच्या ओळखीचा आहे.) दुसऱ्या दिवशी वादळ वाढलं. मागून येणाऱ्या ‘आर्थर अँडरसन’ या जहाजाने साडेसात मीटरपर्यंतच्या लाटा नोंदवल्या, नंतर त्याहूनही मोठ्या. फिट्झजेराल्डचे दोन्ही रडार बंद पडले, जहाज एका अंगाला कललं. संध्याकाळी सातच्या सुमारास अँडरसनने रेडिओवरून विचारलं, कसं चाललंय? आम्ही तग धरून आहोत, असं उत्तर आलं. त्यानंतर काही मिनिटांतच ते रडारच्या पडद्यावरून नाहीसं झालं. मदतीची हाक नाही, काही नाही. २९ माणसं गेली, एकही मृतदेह मिळाला नाही. चार दिवसांनी नौदलाच्या विमानाने पाण्याखालच्या लोखंडाचा चुंबकीय माग काढून जागा शोधली: १६० मीटर खोलीवर, दोन तुकडे.

नेमकं कारण काय, यावर आजही वाद आहे. तटरक्षक दलाच्या चौकशीने बोट ठेवलं ते मालखान्याच्या तोंडावरच्या झाकणांवर: ती नीट आवळलेली नव्हती, पाणी हळूहळू आत झिरपत गेलं. जहाजमालकांच्या संघटनेला हे मान्य नव्हतं. कॅरिबू बेटाजवळच्या उथळ खडकाला तळ घासला असावा, असं तिचं म्हणणं. मला यात एक गोष्ट जास्त बोलकी वाटते. जहाज बांधलं १९५८ मध्ये. पुढे १९६९ ते १९७३ च्या दरम्यान नियम तीनदा सैल झाले आणि हिवाळ्यात ते मूळ मर्यादेपेक्षा जवळपास एक मीटर खोल भरायला परवानगी मिळाली. एक मीटर म्हणजे दर फेरीला हजारो टन जास्तीचा माल. त्या संध्याकाळी पाण्यापासून डेकची उंची होती साडेतीन मीटर. लाटा साडेसातच्या. झाकणं असोत की खडक, वर चढणाऱ्या पाण्याला वाट सोपी करून आधीच ठेवलेली होती.

नोव्हेंबर हा तिथला घातक महिना. उन्हाळाभर तापलेलं सरोवर तेव्हाही बऱ्यापैकी उबदार असतं आणि वरून उत्तरेची बर्फाळ हवा येते. या तफावतीवर वादळं पोसली जातात. पण सरोवरं गोठायला आलेली असतात, हंगाम संपत आलेला असतो, म्हणून शेवटची एक फेरी मारून घेऊ असा मालकांचा हिशेबही नेमका याच महिन्यात जोर धरतो. ७ ते १० नोव्हेंबर १९१३ च्या वादळात बारा जहाजं बुडाली, अडीचशेहून जास्त खलाशी गेले. धोक्याची निशाणं बंदरांवर चढलेली असतानाही अनेक जहाजं निघाली होती.

ही निशाणंही सरोवरातल्या अपघातांचीच देणगी. १८६९ या एका वर्षात ग्रेट लेक्सवर १,९०० हून अधिक लहानमोठे अपघात झाले. मिलवॉकीतले निसर्ग अभ्यासक इन्क्रीज लॅपहॅम यांनी त्यांच्या बातम्यांची कात्रणं जमवून लोकप्रतिनिधींच्या मागे तगादा लावला. तारेने हवामानाच्या नोंदी एकत्र केल्या तर वादळाची सूचना आधी देता येईल, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. फेब्रुवारी १८७० मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी ठरावावर सही केली आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला वादळाचा पहिला इशारा लॅपहॅम यांनीच दिला, तोही ग्रेट लेक्ससाठी. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा जन्म हा असा. आपलं हवामान खातं पाच वर्षांनी, १८७५ मध्ये आलं. त्यामागेही १८६४ चं कलकत्त्याचं चक्रीवादळ होतं. सोनेगावच्या केंद्रातून आपल्याला ‘यलो अलर्ट’ येतो, त्याच्या पूर्वजांमध्ये बुडालेली जहाजं बरीच आहेत.

लाटांशिवाय आणखी एक प्रकार आहे, सेश. पाण्याने भरलेली परात एका बाजूने उचलून सोडली की पाणी या कडेपासून त्या कडेपर्यंत हेलकावत राहतं, तसंच सरोवराचं होतं. जिनिव्हा सरोवरात फोरेल या स्विस शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याचा बारकाईने अभ्यास केला. ईरी सरोवर उथळ, सरासरी खोली १९ मीटर, आणि त्याची लांबी वाऱ्याच्या दिशेतच. जोराचा नैऋत्य वारा सुटला की पाणी पूर्वेला बफेलो शहराकडे ढकललं जातं, पश्चिमेच्या बंदरात चिखल उघडा पडतो. १८४४ मध्ये असंच चढलेलं पाणी बफेलोची संरक्षक भिंत ओलांडून आत शिरलं आणि ७८ लोक बुडाले. गावातच.

सगळ्याच दुर्घटनांना वादळ लागतं असंही नाही. २४ जुलै १९१५ ला शिकागोत नदीच्या धक्क्याला दोरांनी बांधलेलं ‘ईस्टलँड’ हे जहाज कामगारांना सहलीसाठी मिशिगन सरोवरापलीकडे न्यायला सज्ज होतं. अडीच हजार माणसं चढली, जहाज कललं आणि जागच्या जागी आडवं झालं. नदीची खोली जेमतेम सहा मीटर, काठ हाताच्या अंतरावर, तरी ८४४ बळी. टायटॅनिकनंतर जीवनरक्षक नावा वाढवायचा कायदा झाला होता. त्या जास्तीच्या नावा काही आठवड्यांपूर्वीच याच्या वरच्या मजल्यावर चढवल्या होत्या आणि आधीच डळमळीत असलेल्या जहाजाचा गुरुत्वमध्य आणखी वर गेला होता.

आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात हे गणित पुन्हा पुन्हा चुकत आलं आहे. २१ मे १९९६ ला ‘बुकोबा’ हे जहाज उलटलं. उपडं पडलेलं जहाज आतल्या हवेवर तरंगत होतं, आतून माणसं ठोठावत होती. सोडवायला गेलेल्यांनी पत्रा कापला; हवा निघून गेली आणि जहाज खाली गेलं. २०१८ मध्ये ‘न्येरेरे’ ही फेरी काठ अगदी जवळ आलेला असताना उलटली. क्षमता १०१ ची, दगावले २२० हून अधिक. त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै २०१७ मध्ये, आपल्या वेणा जलाशयात नाव उलटून तरुण पोरं गेली होती. सरोवर किती मोठं, याचा इथे काही संबंध नाही. नावेतलं माणूस उभं राहिलं की गुरुत्वमध्य वर जातो आणि सगळे एका बाजूला झाले की तो बाजूला सरकतो, हा नियम खिंडसीतल्या बोटीलाही लागू आहे.

आता पाण्याखाली. गोडं पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, म्हणून खोल, थंड सरोवरांच्या तळाशी ते वर्षभर साधारण त्याच तापमानाला राहतं. मे महिन्यात टाकीचं पाणी अंगावर घेताना चटका बसतो अशा गावातून हे वाचताना जरा कल्पनाच करावी लागते. आपल्याकडच्या पाण्यात बुडालेला देह दोन-तीन दिवसांत वर येतो, कारण जिवाणू आत वायू तयार करतात. सुपिरियरमध्ये त्या थंडीत जिवाणूंचं काम जवळजवळ थांबतं आणि देह खालीच राहतो. सुपिरियर आपले मृत परत करत नाही, अशी तिथली म्हण आहे.

हीच थंडी लाकूडही जपते. समुद्रात बुडालेलं लाकूड जहाजकिडा पोखरून टाकतो. नावाला किडा, प्रत्यक्षात तो शिंपल्यांच्या कुळातला. त्याला खारं पाणी लागतं, त्यामुळे सरोवरात तो नाही. ऑन्टारियो सरोवरात ऑगस्ट १८१३ मध्ये अचानक आलेल्या वाऱ्याच्या झोताने बुडालेली ‘हॅमिल्टन’ आणि ‘स्कर्ज’ ही लढाऊ गलबतं १९७० च्या दशकात सापडली, तेव्हा नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या कोरीव लाकडी मूर्ती शाबूत होत्या. ‘राउज सिमन्स’ हे गलबत नाताळची झाडं शिकागोला नेताना नोव्हेंबर १९१२ मध्ये मिशिगन सरोवरात बुडालं. १९७१ मध्ये पाणबुडे तिथे पोचले. झाडं मालखान्यात तशीच रचलेली आणि काहींवर सुयांसारखी पानं टिकून होती.

गेल्या चाळीसेक वर्षांत मात्र यात बदल झाला आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस परदेशी जहाजांनी तोल राखायला टाक्यांत भरून आणलेल्या पाण्याबरोबर काळ्या समुद्राच्या परिसरातले झेब्रा आणि क्वागा जातीचे शिंपले ग्रेट लेक्समध्ये शिरले. बोटाच्या पेराएवढे, पण जिथे कठीण पृष्ठभाग मिळेल तिथे थरावर थर. डोलकाठी, नांगर, नाव कोरलेली फळी, सगळं झाकून जातं. त्यांच्या वजनाने जुनं लाकूड मोडतं, खाली लोखंडी खिळे गंजतात. हे शिंपले पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातात, म्हणून पाणी पूर्वीपेक्षा कितीतरी नितळ झालं आहे आणि उथळ भागातली काही जहाजं आता विमानातूनही दिसतात. संशोधक हजारो छायाचित्रं जोडून त्यांचे त्रिमितीय आराखडे घाईने करून ठेवत आहेत. सुपिरियर त्यातल्या त्यात बचावलं आहे: शिंपल्याला कवच बांधायला कॅल्शियम लागतं आणि तिथल्या पाण्यात ते फारच कमी आहे.